दातांची भाषा : इंग्रजी वाक्प्रचारांतील चावा आणि चर्वण

इंग्रजीतील ‘बाइट’ आणि ‘च्यू’ ही रोजच्या जेवणातली दोन छोटी क्रियापदे आहेत; पहिल्याचा अर्थ दात रोवणे किंवा दातांनी तोडणे असा होतो, आणि दुसऱ्याचा अर्थ तोडलेला घास दाढांखाली बारीक करणे असा. या दोन क्रियापदांभोवती गेल्या काही शतकांत जे वाक्प्रचार जमले, म्हणजे ज्यांचा अर्थ सुट्या शब्दांची बेरीज करून हाती लागत नाही आणि केवळ रूढीनेच कळतो असे जे शब्दसमूह तयार झाले, ते मराठी वाचकाला अनेकदा फसवतात. शब्द अनोळखी असते तर वाचकाने कोश उघडला असता. परंतु दात, जीभ, ओठ, घास हे सगळे घरचेच असल्यामुळे अर्थही घरचाच असणार असे तो गृहीत धरतो आणि नेमका तेथेच चुकतो. प्रस्तुत प्रस्तावनेत या वाक्प्रचारांचे अर्थ त्यांच्या मागच्या इतिहासासह पाहावयाचे आहेत, आणि मराठी त्याच अनुभवाकडे कोणत्या वाटेने जाते हेही सोबत पाहावयाचे आहे, कारण एका भाषेचे दात दुसऱ्या भाषेच्या शेजारी ठेवल्याशिवाय त्यांची ठेवण लक्षात येत नाही.

आरंभीच एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. इंग्रजी ज्या दोन क्रिया दोन शब्दांनी वेगळ्या करते, त्या दोन्हींसाठी मराठीचे चालते क्रियापद एकच आहे, ते म्हणजे ‘चावणे’. कुत्रा चावतो, डास चावतो, आणि आई मुलाला घास नीट चावून खायला सांगते तेव्हाही तेच क्रियापद येते. १८३१ साली प्रथम आणि १८५७ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीखाली आहेत. संस्कृत ‘चर्व्’ या धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ दाढांनी बारीक करणे हाच असून दंशाचा अर्थ त्याच्याकडे नंतर आला असावा. मराठीला भेद करता येत नाही असा याचा अर्थ नाही. तो भेद मराठी दुसरीकडे करते. डसणे, चावा घेणे, लचका तोडणे, कुरतडणे, चघळणे, चोखणे, रवंथ करणे असे बारकावे तिच्याजवळ भरपूर आहेत. मात्र चाव्याचा क्षण आणि चर्वणाचा कालावधी यांना समोरासमोर उभे करणारी सरळ जोडी तिच्याजवळ नाही, आणि इंग्रजीतल्या कितीतरी वाक्प्रचारांचा जीव नेमका याच जोडीत आहे.

‘बाइट ऑफ मोर दॅन यू कॅन च्यू’ हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. तोंडात मावेल, दाढांना पेलेल त्यापेक्षा मोठा तुकडा दातांनी तोडून घेणे ही मूळ प्रतिमा, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काम अंगावर घेणे हा रूढ अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हा प्रयोग रूढ झाला. त्या काळी तेथे तंबाखूची दाबलेली वडी दातांनी तोडून चघळण्याची सवय सर्वत्र होती, आणि दुसऱ्याने पुढे केलेल्या वडीचा हावरेपणाने मोठा तुकडा तोडणाऱ्याची जी अडचण होते तीत या वाक्प्रचाराचे मूळ सामान्यतः शोधले जाते. मराठीत याला जवळचे म्हणून ‘लहान तोंडी मोठा घास’ हे शब्द चटकन ओठांवर येतात, कारण प्रतिमा हुबेहूब तीच आहे, आणि म्हणूनच ते येथे वापरता येत नाहीत. ‘लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी’ असे म्हणणारा मराठी माणूस वयाने किंवा अधिकाराने मोठ्या असलेल्यांसमोर आपण आपल्या पायरीबाहेरचे बोलत आहोत असे सांगत असतो. त्यात मर्यादेची जाणीव आहे, विनय आहे, आणि कामाच्या ओझ्याचा संबंध क्वचितच आहे. इंग्रजी वाक्प्रचारातले तोंड शक्तीचे माप आहे आणि मराठीतले तोंड मानाचे. इंग्रजी अर्थ मराठीत हवा असेल तर ‘झेपेल तेवढेच उचलावे’ किंवा ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ यांच्याकडे जावे लागते. तेथे दातही नाहीत आणि घासही नाही, पण अर्थ जागच्या जागी आहे.

याहून सूक्ष्म फरक ‘बाइट वन्स टंग’ या प्रयोगात आढळतो. शब्दशः त्याचे मराठी ‘जीभ चावणे’ असे होते आणि तो वाक्प्रचार मराठीत पूर्वीपासून आहेच. तरीही दोहोंचे अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. लग्नघरात एखादी मावशी बोलण्याच्या भरात मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीचा विषय काढते, समोरच्यांचे चेहरे पडलेले पाहते, आणि तिची जीभ दातांखाली जाते, डोळे किंचित मोठे होतात, पुष्कळदा हातही तोंडाशी येतो. हे मराठीतले जीभ चावणे. शब्द निसटून गेलेला आहे आणि चावा ही त्या चुकीची कबुली आहे. इंग्रजीत मात्र जीभ चावणारी व्यक्ती काहीच बोललेली नसते. तिला बोलायचे असते, बहुधा झोंबणारे असे काही, आणि ते बाहेर पडू नये म्हणून तिने जिभेला दातांच्या कुंपणात अडकवलेले असते. मराठीत तिला ‘जीभ आवरली’ किंवा ‘शब्द गिळला’ असे म्हणावे लागेल. त्याच दातांनी त्याच जिभेला धरले आहे, परंतु इंग्रजीत ते बोलण्याच्या आधी धरले आणि मराठीत बोलण्याच्या नंतर. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादांत या ठिकाणी ‘तिने जीभ चावली’ असे लिहिले गेले, तर संयमी पात्र क्षणात उतावळे ठरते, आणि वाचकाला ते कळण्याचा मार्गही उरत नाही, कारण मराठी वाक्य निर्दोष असते.

ओठांचेही तसेच आहे. आजच्या इंग्रजीत ‘बाइट वन्स लिप’ म्हणजे हसू, रडू किंवा उत्तर आवरून धरणे. परंतु शेक्सपिअरच्या काळी ओठ चावणे हे रागाचेही उघड लक्षण होते. ‘रिचर्ड द थर्ड’ या नाटकात राजा ओठ चावतो आहे यावरून तो संतापला असल्याचे एक पात्र ओळखते. मराठीतील ‘दातओठ खाणे’ हा वाक्प्रचार त्या जुन्या इंग्रजी अर्थाच्या शेजारी सहज बसतो, आणि येथे मराठीने ‘चावणे’ न वापरता ‘खाणे’ वापरले आहे हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच नाटककाराच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात एका घराण्याचा नोकर दुसऱ्या घराण्याच्या नोकरांकडे पाहून आपला अंगठा चावतो आणि त्यावरून तलवारी उपसल्या जातात, अंगठ्याचा हा चावा त्या काळी उघड अपमान मानला जाई. ती खूण पुढे लोप पावली आणि आज इंग्लंडच्या वाचकालाही तिच्यासाठी तळटीप लागते.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आणि भारतीय वाचकाला विशेष विचार करायला लावणारा वाक्प्रचार ‘बाइट द बुलेट’ हा आहे. टाळत आलेला कटू निर्णय अखेर मन घट्ट करून घेणे, अपरिहार्य दुःख तक्रार न करता सोसणे, हा त्याचा आजचा अर्थ. त्याची सर्वांत लोकप्रिय उपपत्ती अशी सांगितली जाते की भूल देण्याची सोय नसताना रणांगणावरील शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी शिपायाच्या दातांत बंदुकीची शिशाची गोळी दिली जाई. बोस्टन येथे १८४६ साली ईथरचा आणि एडिंबरा येथे १८४७ साली क्लोरोफॉर्मचा उपयोग सिद्ध झाला, आणि त्यापूर्वीची शस्त्रक्रिया किती भयंकर होती हे पाहता ही कथा मनाला पटते. परंतु कोशातला जुना पुरावा वेगळ्याच प्रसंगाकडे बोट दाखवतो. फ्रान्सिस ग्रोस या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १७८५ साली इंग्रजी बोलीतील अशिष्ट शब्दांचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ या शब्दाखाली नोंद आहे की फटक्यांची शिक्षा भोगताना जो शिपाई ओरडतो त्याला रात्री गाणाऱ्या या पक्ष्याचे नाव दिले जाते, आणि ती नामुष्की टाळण्यासाठी काही पलटणींतील शिपाई तोंडात गोळी धरून चघळतात. म्हणजे येथे वैद्याची सुरी नसून चाबूक आहे, आणि दातांखालची गोळी वेदना कमी करण्यापेक्षा आवाज दाबण्यासाठी आहे. वाक्प्रचाराच्या आजच्या अर्थात ‘तक्रार न करता’ ही जी छटा टिकून आहे तिचे बीज या फटक्यांच्या शिक्षेत स्पष्ट दिसते.

या वाक्प्रचाराचा उगम १८५७ च्या काडतुसांत आहे असेही अधूनमधून म्हटले जाते. त्या वेळच्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची नळी असे. तिचे टोक दातांनी फाडून दारू रायफलीच्या नळीत ओतावी लागे, आणि त्या कागदाला गाईची व डुकराची चरबी लावलेली असल्याच्या बातमीने हिंदी शिपायांमध्ये जो क्षोभ उसळला त्याचा परिणाम सर्वज्ञात आहे. काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची मुभा सरकारने नंतर दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. तरीही वाक्प्रचाराचे मूळ येथे असू शकत नाही, कारण ग्रोसची नोंद त्याहून अर्धशतकापेक्षा जुनी आहे, आणि शिवाय शिपाई चावत होते तो कागद, गोळी नव्हे. कालगणनेचा हा साधा हिशेब न करता रचलेल्या उगमकथा वाक्प्रचारांच्या अभ्यासात पावलोपावली भेटतात, आणि कथा जितकी सुबक तितकी ती तपासून घ्यावी हा नियम येथे पाळावाच लागतो. रूढ साहित्यिक इंग्रजीत हा प्रयोग आणणाऱ्यांत मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगचे नाव घेतले जाते. दृष्टी गमावणाऱ्या चित्रकाराची कथा सांगणाऱ्या त्याच्या १८९१ च्या कादंबरीत तो आढळतो.

मराठीत याला प्रतिशब्द शोधताना ‘लोखंडाचे चणे चावणे’ आठवणे साहजिक आहे. धातू आहे, दात आहेत आणि कष्टही आहेत. परंतु लोखंडाचे चणे हे काम किती कठीण आहे ते सांगतात, आणि शिशाची गोळी ते सोसणारा कसा वागला हे सांगते. इंग्रजी अर्थाला जवळचे मराठी प्रयोग ‘कडू घोट गिळणे’ किंवा ‘छातीवर दगड ठेवणे’ हे होत. यांपैकी पहिल्याकडे विशेष लक्ष द्यावे असे आहे, कारण सोसण्याची क्रिया इंग्रजीने दातांवर सोपवली असताना मराठी ती घशाकडे नेते. राग गिळला जातो, अपमान गिळला जातो, आवंढा गिळला जातो, आणि त्याही पुढे जाऊन दुःख पचवले जाते. न पटलेली गोष्ट पचनी पडत नाही. लाच ही खाल्ली जाते आणि पचली तर ढेकरही ऐकू येत नाही. इंग्रजीतही गिळण्याचे आणि पचवण्याचे रूपक आहेच, तथापि मराठीचा ओढा तोंडाच्या पुढच्या भागापेक्षा आतल्या मार्गाकडे अधिक आहे असे म्हणण्याइतकी ही उदाहरणे विपुल आहेत.

‘बाइट द डस्ट’ म्हणजे धुळीचा चावा घेणे. पराभूत होणे, लढाईत मरून पडणे, आणि आता विनोदाने एखादे यंत्र कायमचे बंद पडणे असाही त्याचा अर्थ होतो. कोसळलेला योद्धा जमीन दातांनी धरतो ही प्रतिमा होमरच्या ‘इलियड’मध्ये आहे आणि तिच्या अनुवादांमधून ती इंग्रजीत रुळली. येथे मराठी वाचकाला दिलासा मिळतो, कारण ‘धूळ चारणे’ हा वाक्प्रचार जवळजवळ समांतर आहे. मात्र क्रियापद प्रयोजक आहे, म्हणजे क्रिया दुसऱ्याकडून करवणारे आहे. मराठीत जेता धूळ चारतो, इंग्रजीत पराभूत स्वतः ती चावतो. प्रयोजक रूप काढून ‘धूळ खाणे’ म्हटले की अर्थ बदलतोच; सरकारी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली फाइल धूळ खाते, आणि तिचा कोणाकडून पराभव झालेला नसतो. ‘माती खाणे’ तर आणखी वेगळ्या दिशेला जाते. तेथे माणसाने लाज वाटावी असे कृत्य केलेले असते.

कृतघ्नतेसाठी इंग्रजी ‘बाइट द हँड दॅट फीड्स यू’ असे म्हणते, आणि एडमंड बर्कने १७९५ च्या धान्यटंचाईवर लिहिलेल्या, त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात सरकारकडे अन्नासाठी पाहणाऱ्या जनतेविषयी हीच प्रतिमा वापरली आहे. तीत मनुष्य कुत्र्याच्या जागी उभा केला जातो. मराठीतला ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ हा प्रयोग त्यापेक्षा कितीतरी शांत आणि म्हणूनच अधिक बोचरा आहे: पाहुणा पोटभर जेवला आहे, आडवा झाला आहे, नजर वर गेली आहे आणि छपराला किती वासे आहेत, घर किती मोलाचे आहे, याचा तो मनात हिशेब करतो आहे. येथे कोणी कोणाला चावलेले नाही. घात अजून डोळ्यांतच आहे. ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ या प्रयोगाचे नाते मराठीतील दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणाऱ्याशी जुळते, आणि ‘बार्क’ ‘बाइट’पेक्षा वाईट असलेल्या माणसाचे नाते गरजणाऱ्या पण न पडणाऱ्या पावसाशी, ही दोन्ही साम्ये सर्वपरिचित असल्याने त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही.

चाव्याकडून चर्वणाकडे वळताच सूर बदलतो, कारण चावा हा क्षणाचा असतो आणि चर्वणाला वेळ लागतो. इंग्रजीत ‘च्यू ओव्हर’ म्हणजे एखाद्या प्रस्तावावर सावकाश विचार करणे, आणि ‘च्यू द कड’ म्हणजे गाईगुरांप्रमाणे रवंथ करणे, अर्थात मनन करणे. चिंतनासाठीचा ‘रुमिनेट’ हा शब्दही रवंथ करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. फ्रान्सिस बेकनने १५९७ च्या आपल्या अध्ययनविषयक निबंधात पुस्तकांची वर्गवारीच चाखणे, गिळणे आणि चावून पचवणे अशी केली, आणि चर्वणाचा मान थोड्याच ग्रंथांना दिला. इंग्रजीत चर्वण ही बुद्धीची प्रतिष्ठित क्रिया आहे. मराठीत मात्र विषय ‘चघळला’ म्हटले की नापसंती आलीच. शेजाऱ्यांच्या घरातले भांडण चघळले जाते. चर्चा लांबली की तिचा ‘चावून चोथा’ होतो, म्हणजे रस संपून उसाचा उरतो तसा कोरडा अवशेष हातात राहतो, आणि पांडित्याच्या भाषेत त्यालाच ‘चर्वितचर्वण’, आधीच चावलेले पुन्हा चावणे, असे म्हणतात. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद विषयासक्तांचे वर्णन करताना हीच प्रतिमा योजतो.

यावरून भारतीय परंपरेला चर्वणाविषयी अनादर आहे असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. दहाव्या-अकराव्या शतकांतील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसिकाच्या आस्वादाला ‘चर्वणा’ हीच संज्ञा दिली. रस हा चर्वणेतच असतो, चर्वणा संपली की तोही संपतो, असा त्यांचा सिद्धान्त आहे. बेकनचे चर्वण पचनाकडे नेणारे, उपयोगाकडे पाहणारे आहे, तर अभिनवगुप्तांचे स्वतःतच पूर्ण होणारे. मराठी साहित्यशास्त्राने ही संज्ञा जपली, पण बोलीने चोथा तेवढा उचलला, आणि ही बोलीची मोठी हानी आहे. सावकाश विचार करण्यासाठी ‘रवंथ’ हा उत्तम मराठी शब्द आजही हाताशी असताना तो टीकेपुरताच वापरला जातो.

‘च्यू द फॅट’, म्हणजे चरबी चघळणे, याचा आजचा अर्थ निवांत गप्पा मारणे असा आहे. खलाशी खारवलेल्या मांसाची चिवट चरबी चघळत बोलत बसत असा त्याचा उगम सांगतात. परंतु त्याचा जुना लिखित दाखला १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील ब्रिटिश फौजेच्या जीवनावरील पुस्तकात मिळतो, आणि तेथे त्याचा अर्थ शिपायांची कुरकुर असा आहे. तक्रारीतून गप्पांकडे झालेला हा प्रवास समजण्याजोगा आहे, कारण बराकीत दोन्ही गोष्टी एकाच खाटेवर चालतात. त्याउलट ‘च्यू आउट’ हा अमेरिकी लष्करी प्रयोग वरिष्ठाने कनिष्ठाची खरडपट्टी काढणे या अर्थी येतो.

शेवटी अशा शब्दांकडे पाहावे लागते ज्यांतला चावा झिजून गेला आहे. ‘बाइट’ आणि संस्कृत ‘भिद्’ हे धातू एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूचे वंशज आहेत. संस्कृतातील ‘भ’ आणि ‘द’ यांच्या जागी इंग्रजीत ‘ब’ आणि ‘ट’ येतात, जसे ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’, ‘द्वि’ आणि ‘टू’. त्यामुळे भेद, भिन्न आणि घराची भिंत हे मराठी शब्द ‘बाइट’चे दूरचे भाऊबंद ठरतात. तुकडा या अर्थाचा ‘बिट’ आणि कडू या अर्थाचा ‘बिटर’ हे तर त्याचे सख्खेच. १९५६ साली आयबीएममध्ये वर्नर बुकहोल्झ यांनी संगणकीय माहितीच्या एककाला ‘बाइट’ हे नाव दिले, तेव्हा ‘बिट’शी गल्लत होऊ नये म्हणून त्याचे स्पेलिंग मुद्दाम बदलण्यात आले. भाषणातून कापून घेतलेल्या नेमक्या वाक्याला अमेरिकी पत्रकारितेत ‘साउंड बाइट’ म्हणू लागले, आणि त्यातला ‘बाइट’ सुटून मराठी वृत्तवाहिन्यांच्या भाषेत आला. मंत्रालयाबाहेर उभा असलेला वार्ताहर आज ‘बाइट घेतो’ आणि नेता ‘बाइट देतो’, आणि त्यात चाव्याची आठवण कोणालाच होत नाही.

‘रिमोर्स’ या शब्दाची गोष्ट याहून खोल आहे. पश्चात्ताप असा अर्थ असलेला हा शब्द पुन्हा चावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचे देशी इंग्रजी रूप एकदा घडवले गेले होते: कँटरबरी येथील डॅन मायकेल या भिक्षूने १३४० साली केंट परगण्याच्या बोलीत फ्रेंचमधून एक नीतिग्रंथ उतरवला आणि त्याला ‘अयेनबाइट ऑफ इनविट’, म्हणजे अंतर्मनाचा पुन्हा पुन्हा घेतला जाणारा चावा, असे नाव दिले. इंग्रजीने हा शब्द टिकवला नाही. जेम्स जॉइसने ‘युलिसिस’मध्ये तो पुन्हा वर काढला, एवढेच. मराठीत त्याच अनुभवाला कोशातला शब्द लागत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर, दिवसा कोणाला तरी बोललेला कठोर शब्द आठवून झोप येत नाही तेव्हा, घरातली वृद्ध स्त्री कूस बदलत एवढेच म्हणते की मन खातंय.